जिल्हा हौशी ॲथलेटिक्स संघटनेची नियमावली: कोणत्या क्रमाने लिहावी आणि नेमके कुठे चुकते

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मैदानी खेळांच्या संघटना चालवणारी माणसे बहुधा क्रीडाशिक्षक, जुने धावपटू किंवा खेळाची ओढ असलेले शेतकरी-व्यापारी असतात. फक्कीने आठ लेन आखणे त्यांना डोळे मिटून जमते, परंतु नियमावली लिहिण्याची वेळ आली की शेजारच्या एखाद्या संस्थेची घटना मागवली जाते, तिच्यातील नाव बदलले जाते आणि काम उरकले असे समजले जाते. अशा बऱ्याच मसुद्यांवर मला नंतर हात फिरवावा लागला आहे. त्यांपैकी एकात संस्थेचे नाव मैदानी खेळांचे होते आणि उद्दिष्टांत मात्र आखाडे बांधून मल्ल तयार करण्याचे कलम तसेच राहून गेले होते.

हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. नियमावली उघडली जाते ती वादाच्या दिवशीच, आणि त्या दिवशी प्रश्न विचारले जातात ते साधारण तीन: सभासद कोण, सूचना कोणाला व केव्हा मिळाली, आणि सही करण्याचा अधिकार कोणाचा. या तिन्हींची उत्तरे कागदावर नसली की एका जिल्ह्याचे दोन अध्यक्ष होतात, राज्य स्पर्धेसाठी दोन याद्या जातात आणि पोर मात्र चेस्ट नंबर न मिळाल्याने मैदानाबाहेर बसते. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. निवडणुकीचे कलम आधी लिहून सभासदत्वाचे कलम त्याला जुळवून घेणे ही सर्वांत जास्त दिसणारी उलटी चाल आहे.

टप्पा १: लेखणी उचलण्याआधीची जमवाजमव

संस्था जुनी असेल तर आधी पुढील कागद एका फायलीत आणावेत: नोंदणीची दोन्ही प्रमाणपत्रे (एक संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालचे आणि दुसरे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालचे), धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट १ चा ताजा उतारा, मंजूर नियमावलीची प्रमाणित प्रत, सभासद नोंदवही, वर्गणीच्या पावत्यांची स्थळप्रत, इतिवृत्ताची वही आणि राज्य संघटनेचे संलग्नतेचे शेवटचे पत्र.

यांतील परिशिष्ट १ चा उतारा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण कायद्याच्या नजरेत विश्वस्त म्हणून कोणाची नावे आहेत हे त्यावरून कळते. पुष्कळदा आज काम करणारे कार्यकारी मंडळ वेगळे आणि उताऱ्यावरची नावे पंधरा वर्षांपूर्वीची, त्यांतील दोघे दिवंगत, असा प्रकार निघतो. तसे असेल तर नियमावलीचे काम थांबवून आधी राहिलेले बदल अर्ज (विश्वस्तांतील बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणारे अर्ज) दाखल करावेत. नाही तर नव्या नियमावलीवर सह्या करणाऱ्यांच्या अधिकारालाच आव्हान मिळते.

संस्था नवी असेल तर किमान ७ व्यक्ती लागतात, आणि नियमावलीची प्रत खरी असल्याबद्दल नियामक मंडळाच्या (म्हणजे कारभार पाहणाऱ्या कार्यकारी मंडळाच्या) किमान ३ सदस्यांनी ती प्रमाणित करावी लागते. तरीही सातच नावे घेऊन जाऊ नये. एकाने ऐन वेळी माघार घेतली की सर्व कागद पुन्हा करावे लागतात.

तपासणी: राज्य संघटनेची चालू घटना तुमच्याकडे आहे का? जिल्ह्याचे नियम तिच्याशी विसंगत निघाले तर संलग्नता अडते. जुनी छापील प्रत हाताशी आहे म्हणून तीच चालू आहे असे धरून चालू नये.

टप्पा २: कार्यक्षेत्र आणि नाव

राज्य संघटना संलग्नता देते ती साधारणपणे जिल्हा घटकाला. त्यामुळे “खान्देश विभागीय” अशी संस्था काढून तिने तिन्ही जिल्ह्यांचे संघ पाठवायचे ही कल्पना कितीही आकर्षक वाटली तरी जिल्हा आणि राज्य यांच्यामध्ये तिला जागा मिळत नाही. तिन्ही जिल्ह्यांनी मिळून पंचांचे वर्ग किंवा निमंत्रित स्पर्धा घ्यायच्या असतील तर समन्वय समिती पुरे, आणि खेळाडू निवडण्याचा अधिकार तिला नाही हे तिच्या ठरावातच लिहावे.

कार्यक्षेत्राच्या कलमात तालुक्यांची नावे लिहावीत, आणि ती आजची असावीत. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. तरीही धुळ्याकडच्या जुन्या घटनांच्या नकलांत नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी ही नावे राहून जातात. जळगावकडे मुक्ताईनगरऐवजी एदलाबाद आणि तालुक्यांच्या यादीत बोदवड व धरणगाव नाहीतच, हेही दिसते. दोन जिल्ह्यांच्या घटनांत एकच तालुका आला तर तेथील क्लब कोणाचा, हा वाद आपणच लिहून ठेवल्यासारखे होते.

नावाबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. “भारत”, “राष्ट्रीय”, “शासकीय” अशा अर्थाचे शब्द नावात घेतले तर बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला मनाई करणारा १९५० चा कायदा आड येऊ शकतो. दुसरी गोष्ट “हौशी” या शब्दाची. तो नावात जरूर ठेवावा, कारण जुन्या संस्था त्याच नावाने ओळखल्या जातात. परंतु जुन्या घटनांतील “ज्याने धावून रोख रक्कम स्वीकारली तो हौशी खेळाडू नव्हे” ही व्याख्या निःसंकोच काढून टाकावी. ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेनेच २००१ साली आपल्या नावातून हा शब्द वगळला. आज गावोगावी यात्रेत किंवा पुण्यतिथीला रोख बक्षिसांच्या दौडी होतात आणि आपली चांगली पोरे तेथे धावतात. ती व्याख्या तशीच राहिली तर चांगल्या खेळाडूला अडवण्यासाठी कोणीतरी ती एक दिवस बाहेर काढतोच.

टप्पा ३: तीन कप्पे करा

सर्व काही एकाच दस्तऐवजात कोंबणे ही दुसरी मोठी चूक होय. मजकूर तीन कप्प्यांत वाटावा.

पहिला कप्पा विधानपत्राचा (मेमोरँडम ऑफ असोसिएशनचा). त्यात नाव, उद्दिष्टे आणि पहिल्या नियामक मंडळाची नावे, पत्ते व व्यवसाय एवढेच येते. उद्दिष्टे थोडकी आणि रुंद ठेवावीत, कारण ती बदलणे अवघड आहे. १८६० च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रस्ताव लेखी स्वरूपात सभासदांकडे विशेष सभेच्या १० दिवस आधी पोहोचावा लागतो, त्या सभेत तीन-पंचमांश मते लागतात आणि एक महिन्याच्या अंतराने बोलावलेल्या दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन-पंचमांश मतांनी तो कायम व्हावा लागतो.

दुसरा कप्पा नियमावलीचा: सभासदत्व, सभा, कार्यकारी मंडळ, निवडणूक, पैसा, शिस्त, दुरुस्ती आणि विसर्जन. यात बदल करण्याचा अधिकार फक्त सर्वसाधारण सभेला असावा.

तिसरा कप्पा स्पर्धाविषयक उपविधींचा: वयोगट, प्रवेशिका, निवड चाचणी, हरकती, पंचांचे मानधन. हे कार्यकारी मंडळाला दरवर्षी बदलता आले पाहिजे. मुख्य नियमावलीत फक्त एक वाक्य लिहावे: “स्पर्धा जागतिक संघटनेच्या व राष्ट्रीय महासंघाच्या त्या वेळी लागू असलेल्या तांत्रिक नियमांनुसार घेण्यात येतील, जेथे स्थानिक सोयीमुळे वेगळी पद्धत आवश्यक असेल तेथे ती उपविधींत नमूद करून स्पर्धेपूर्वी प्रसिद्ध केली जाईल.”

सावधान: गोळ्याचे वजन किंवा अडथळ्याची उंची नियमावलीत लिहू नये. वयोगटाप्रमाणे ती बदलते. १८ वर्षांखालील मुलांचा गोळा ५ किलोचा, २० वर्षांखालील ६ किलोचा आणि पुरुषांचा ७.२६ किलोचा असतो. वरचे नियम बदलले की आपली नियमावली चुकीची ठरते, आणि ती दुरुस्त करण्यासाठी सर्वसाधारण सभा बोलवावी लागते.

टप्पा ४: सभासदत्व, म्हणजे नियमावलीचे जोते

येथे घाई करू नये. माझ्या मते एकूण वेळेचा निम्मा भाग या एका प्रकरणाला द्यावा.

आधी वर्ग ठरवावेत आणि प्रत्येक वर्गापुढे “मताधिकार आहे” किंवा “नाही” हे स्पष्ट लिहावे. जिल्हा संघटनेसाठी संलग्न संस्था (क्लब, व्यायामशाळा, महाविद्यालयीन मंडळ) आणि तालुका घटक हे मतदार असणे योग्य. आजीव, हितचिंतक व सन्माननीय सभासदांना सभेत बसण्याचा व बोलण्याचा अधिकार पुरेसा आहे. आपल्याकडे पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या गावोगावी आहेत, आणि जिल्ह्यातील चांगले धावपटू आज बऱ्याच अंशी तेथेच सापडतात. त्यांना बाहेर ठेवणे चूक, परंतु वर्ग चालवणारी व्यक्ती म्हणजे संस्था नव्हे. त्यांना संलग्न करून घेताना नोंदणी, जबाबदार व्यक्ती आणि खेळाडूंची यादी मागावी.

“कागदी क्लब” हा रोग निवडणुकीच्या आधीच्या दोन महिन्यांत बळावतो. त्यावर दोन अटींचा उपाय चालतो. पहिली, संलग्नतेला पूर्ण एक वर्ष झाल्याशिवाय मताधिकार नाही. दुसरी, मागील जिल्हा स्पर्धेत त्या संस्थेच्या ठरावीक संख्येइतक्या खेळाडूंनी (पाच ही संख्या मला व्यवहार्य वाटते) प्रत्यक्ष भाग घेतलेला असावा. दुर्गम तालुक्यांसाठी ही संख्या कमी ठेवण्याची तरतूद उघडपणे लिहावी. धडगाव किंवा मोलगीहून पाच पोरे नंदुरबारला आणणे आणि नंदुरबार शहरातून पाच पोरे मैदानावर आणणे सारखे नाही.

आता तारखा. १८६० च्या कायद्याचे कलम १५ सांगते की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि त्याची सभासद म्हणून गणनाही होत नाही. ही तरतूद कायद्यातच असल्याने तिच्याभोवतीच वेळापत्रक बांधावे. वर्गणी १ एप्रिलला देय धरा, ३० जूनपर्यंत ती स्वीकारा, ३१ जुलैच्या स्थितीवर मतदार यादी तयार करा आणि वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये घ्या. देय तारीखच लिहिलेली नसेल तर तीन महिने कोठून मोजायचे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग सभेच्या दारात टेबल टाकून पावत्या फाडण्याचा तो परिचित देखावा उभा राहतो.

नमुना कलम असे असू शकते: “प्रत्येक संलग्न संस्थेस एक मत राहील. संस्थेने आपल्या प्रतिनिधीचे नाव सभेच्या किमान सात दिवस आधी, अध्यक्ष व सचिव यांच्या सहीच्या पत्राने कळवावे. एका व्यक्तीस एकाहून अधिक संस्थांचे प्रतिनिधित्व करता येणार नाही. प्रतिपत्राने, म्हणजे दुसऱ्याच्या हाती मत सोपवून, मतदान करता येणार नाही.”

तपासणी: नोंदवहीतील प्रत्येक नावापुढे प्रवेश मंजूर करणाऱ्या कार्यकारी मंडळाच्या ठरावाचा क्रमांक आणि पावती क्रमांक आहे का? दोहोंपैकी एकही नसलेली नावे मसुदा मंजूर होण्याआधीच तपासून घ्यावीत.

टप्पा ५: सभा, सूचना आणि गणपूर्ती

वार्षिक सभेची सूचना किमान २१ दिवस आणि विशेष सभेची १५ दिवस आधी द्यावी असे मी सुचवतो. कार्यकारी मंडळाच्या सभेला सात दिवस पुरतात. सूचना कशी द्यायची हे मात्र अक्षरशः लिहावे. सध्या सूचना व्हॉट्सॲप गटावर टाकली जाते, कोणी अंगठा दाखवतो, आणि वाद झाला की “मी त्या गटात नव्हतो” असे प्रतिज्ञापत्र येते. म्हणून नोंदणीकृत पत्त्यावर टपाल किंवा सही घेऊन हातबटवडा हा मुख्य मार्ग ठेवावा, ई-मेल व व्हॉट्सॲप हे जोडमार्ग ठेवावेत, आणि टपालाच्या पावत्या इतिवृत्तासोबत जपाव्यात.

सूचनेत विषयपत्रिका पूर्ण असावी. “अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय” या शीर्षकाखाली निवडणूक, घटनादुरुस्ती, सभासद काढणे किंवा मालमत्तेचा व्यवहार घेता येणार नाही, हे वाक्य नियमावलीत असलेच पाहिजे.

गणपूर्तीबाबत एका तालुक्यातील संस्थेचे उदाहरण मला नेहमी आठवते. त्यांनी नकललेल्या घटनेत दोन तृतीयांश गणपूर्ती होती आणि तहकूब सभेची तरतूद नव्हती. परिणामी कित्येक वर्षांत एकही वार्षिक सभा नियमाप्रमाणे झाली नाही, आणि त्यांनी केलेली प्रत्येक निवडणूक आव्हानास पात्र राहिली. एक तृतीयांश गणपूर्ती ठेवावी आणि ती न झाल्यास सभा अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच विषयांसाठी भरेल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही असे लिहावे. घटनादुरुस्ती आणि अविश्वास ठराव हे दोन विषय मात्र अशा तहकूब सभेत घेऊ नयेत.

दिवस निवडतानाही आपला मुलूख डोळ्यांसमोर असावा. रविवार सोयीचा असतो, परंतु नागपंचमीनंतरच्या कानबाईच्या सणाच्या रविवारी खान्देशात सभेला कोण येणार? आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) आठवडा, सातपुड्यातील होळीचे दिवस आणि कापूस वेचणीचा ऐन हंगामही टाळावा. दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगराळ भागातून ऊसतोडीसाठी कुटुंबे गुजरातकडे जातात. त्या काळात घेतलेली सभा कायदेशीर ठरेल, पण त्या तालुक्यांच्या मनात ती कायम खुपत राहील. हिशेबपत्रके तयार झालेली असतात आणि शेतीची घाई थोडी ओसरलेली असते, तो सप्टेंबरच मला बरा वाटतो.

टप्पा ६: कार्यकारी मंडळ

संख्या विषम ठेवावी. ११ किंवा १५ पुरे. २१ जणांची मंडळे कागदावर भारदस्त दिसतात, पण बैठकीला सहाजण येतात.

राष्ट्रीय क्रीडा संहिता, २०११ मध्ये पदाधिकाऱ्यांसाठी ७० वर्षांची वयोमर्यादा आणि कार्यकाळाची बंधने घातली गेली. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम, २०२५ ने राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारी मंडळाला जास्तीत जास्त १५ सदस्यांची मर्यादा घातली असून त्यात किमान ४ महिला आणि किमान २ गुणवंत खेळाडू असणे आवश्यक केले आहे. या तरतुदी राष्ट्रीय संघटनांसाठी आहेत, परंतु वरची घटना बदलली की तिचे धागे जिल्ह्यापर्यंत येतात. तेव्हा आजच तुमच्या मंडळात महिला आणि माजी खेळाडू यांच्या जागा राखून ठेवणे शहाणपणाचे. महिला सदस्य म्हणून पदाधिकाऱ्याच्या पत्नीचे नाव घालण्याची पद्धत येथे चालवू नये. मुलींच्या संघाबरोबर रात्रीच्या रेल्वेने प्रवास करणारी व्यवस्थापक कोठून मिळणार, या प्रश्नाचे उत्तर या जागांतून मिळायला हवे.

पदनिहाय अधिकार लिहिताना प्रवेशिकेवर कोणाची सही चालेल हे स्वतंत्र कलमात द्यावे: “राज्य स्पर्धेच्या प्रवेशिकेवर सचिवांची सही राहील, सचिव अनुपलब्ध असल्यास कार्यकारी मंडळाने ठरावाने प्राधिकृत केलेल्या सहसचिवांची.” मुदत संपूनही निवडणूक झाली नाही तर काय, हेही लिहावे. जुने मंडळ तीन महिन्यांपुरते केवळ दैनंदिन काम पाहील, नवे सभासद करणार नाही आणि संघ निवडीत बदल करणार नाही, एवढे पुरे.

सावधान: दप्तर हस्तांतराचे कलम हटकून विसरले जाते. निवडणुकीनंतर १५ दिवसांत नोंदवह्या, शिक्के, धनादेश पुस्तके, ई-मेल व ऑनलाइन नोंदणीचे पासवर्ड आणि साहित्य यादीवर सह्या करून सोपवावे. शिक्का जुन्या सचिवांच्या कपाटात आणि पासवर्ड त्यांच्या पुतण्याच्या मोबाइलमध्ये, या स्थितीत नवे मंडळ पहिला हंगाम वाया घालवते.

टप्पा ७: निवडणूक

निवडणूक अधिकारी संघटनेबाहेरचा असावा. निवृत्त मुख्याध्यापक किंवा वकील चालतील. वेळापत्रक मतदानापासून मागे मोजावे: ४० दिवस आधी कच्ची मतदार यादी, ३३ दिवस आधीपर्यंत हरकती, २८ दिवस आधी अंतिम यादी, २१ दिवस आधी सभेच्या सूचनेसोबत कार्यक्रम, १४ दिवस आधीपर्यंत अर्ज, १२ दिवस आधी छाननी, ७ दिवस आधीपर्यंत माघार. हे आकडे माझे आहेत आणि तुम्ही ते बदलू शकता. अंतिम यादी लागल्यानंतर नाव घालता किंवा वगळता येणार नाही, हा नियम मात्र बदलू नये.

बिनविरोध निवडणुकीतही हे सर्व कागद तयार करावेत. “सगळ्यांनी टाळ्या वाजवून निवड केली” एवढ्यावर धर्मादाय कार्यालयात पुढे प्रश्न विचारले जातात.

टप्पा ८: पैसा

येथे फार लिहिण्याची गरज नाही, पाळण्याची आहे. बँक खाते संस्थेच्या नावाने व दोन सह्यांनी चालावे, आणि त्या दोन सह्या एकाच घरातील नसाव्यात. हिशेब ३१ मार्चला बंद करून पुढील सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हावे. स्पर्धेचा जमाखर्च स्वतंत्र ठेवून स्पर्धेनंतर ३० दिवसांत कार्यकारी मंडळापुढे यावा. प्रायोजकाने दिलेले बूट, टी-शर्ट, पाण्याची खोकी हीसुद्धा जमा आहे आणि तिची नोंद साहित्य वहीत व्हावी. स्थावर मालमत्ता विकण्यासाठी, किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासाठी, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

टप्पा ९: स्पर्धा आणि निवडीचे उपविधी

वयोगटाचा घोळ सर्वांत आधी मिटवावा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, तर संघटनेच्या स्पर्धा १४, १६, १८ आणि २० वर्षांखालील गटांत. शाळेत खेळवणारे शिक्षक हेच तालुक्याचे पदाधिकारी असल्याने एका स्पर्धेचा तक्ता दुसरीकडे लावला जातो. जागतिक नियमात वय स्पर्धेच्या वर्षातील ३१ डिसेंबरला मोजतात. १८ वर्षांखालील गट म्हणजे त्या दिवशी १६ किंवा १७ वर्षे पूर्ण असलेले, म्हणून २०२६ च्या स्पर्धेसाठी २००९ आणि २०१० मध्ये जन्मलेले. प्रत्येक हंगामाच्या परिपत्रकात “अमुक तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेले” अशी थेट जन्मतारीख छापावी. वजाबाकी खेळाडूवर सोपवू नये.

वयाच्या पुराव्याची यादी पसंतीक्रमाने द्यावी: जन्म दाखला प्रथम, त्यानंतर शाळेच्या सामान्य नोंदवहीचा उतारा. अक्राणी-अक्कलकुवा भागात घरी झालेल्या जन्मांची नोंद उशिरा होते, आणि एका वर्षाहून उशिराच्या नोंदणीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तो कागद स्पर्धेच्या आठवड्यात मिळणार नाही. तालुका घटकाने हंगामाच्या तीन महिने आधी खेळाडूंची यादी करून ज्यांचे दाखले नाहीत त्यांना मार्गी लावावे, अशी जबाबदारी उपविधीतच टाकावी.

जिल्हा कोणता, हा पुढचा प्रश्न. अमळनेरचा मुलगा धुळ्यात शिकतो व सराव करतो. रावेरची मुलगी बुऱ्हाणपूरला, नवापूरचा मुलगा सुरतेला. एका वर्षात एकाच जिल्ह्याकडून, असा नियम करून रहिवास, शिक्षण किंवा नोकरी यांपैकी कोणता आधार घेतला ते प्रवेशिकेत लिहून घ्यावे. जिल्हा बदलासाठी ना हरकत पत्र १५ दिवसांत द्यावे, अन्यथा ते दिले असे समजले जाईल. या शेवटच्या वाक्यामुळे पदाधिकाऱ्यांच्या रुसव्याफुगव्यांतून खेळाडू सुटतो.

निवड चाचणीत वेळेची तुलना जपून करावी. आपल्या मातीच्या मैदानांवर हाताने घेतलेली वेळ असते. ट्रॅकवरील शर्यतीत ती वरच्या दशांशाला न्यावी लागते, म्हणजे घड्याळात ११.३१ सेकंद दिसले तर नोंद ११.४ होते. १०० व २०० मीटर, १०० व ११० मीटर अडथळे, लांब उडी व तिहेरी उडी यांत पाठीमागून वाहणारा वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असेल तर ती कामगिरी विक्रमासाठी धरली जात नाही, आणि तालुका पातळीवर वारामापक क्वचितच असतो. म्हणून शहाद्यात घेतलेली वेळ आणि चाळीसगावात घेतलेली वेळ समोरासमोर ठेवून निवड करू नये. निवड जिल्हा चाचणीतील क्रमांकावरच करावी, आणि आजारपणासाठी सवलत असेल तर ती कोण, कोणत्या वैद्यकीय कागदावर देणार हे आधीच छापावे.

हरकतींसाठी जागतिक नियमाची चौकट सरळ घ्यावी: अधिकृत निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत रेफरीकडे तोंडी हरकत, आणि त्यांच्या निर्णयावर ३० मिनिटांत अपील समितीकडे लेखी अर्ज व अनामत रक्कम. अनामत स्थानिक ऐपतीनुसार ठेवावी. तिचा हेतू उगाच हरकती रोखण्याचा आहे, गरीब क्लबचे तोंड बंद करण्याचा नाही. निकाल जाहीर झाल्याची वेळ फळ्यावर लिहिली नाही तर ही तीस मिनिटे कोठून धरायची याचाच तंटा होतो.

सावधान: ज्याचा विद्यार्थी त्या प्रकारात उतरला आहे त्याने त्या प्रकारापुरते अपील समितीत बसू नये. आपल्याकडे सगळेच कोणाचे ना कोणाचे सर असतात, म्हणून दोन राखीव सदस्य आधीच नेमावेत.

जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. मार्च ते जून या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत एकही प्रकार होणार नाही आणि लांब पल्ल्याच्या शर्यती सकाळी ८ च्या आत संपतील, असा उपविधी करून वेळापत्रक त्याला जुळवावे.

टप्पा १०: बालसुरक्षा, शिस्त आणि तक्रारी

१८ वर्षांखालील खेळाडूवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. “आधी संघटनेच्या समितीपुढे, मग पुढचे” असे कलम लिहिणे बेकायदा ठरेल आणि मी ते एकाहून अधिक मसुद्यांत पाहिले आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंकुल आणि स्पर्धेचे मैदान यांचाही समावेश होतो. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या संघटनेच्या बाबतीत तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, आणि तिचा पत्ता स्पर्धेच्या फलकावर लावावा.

शिस्तभंगाच्या कारवाईत क्रम मोडू नये: लेखी आरोप, उत्तरासाठी १५ दिवस, म्हणणे मांडण्याची संधी, कारणांसह निर्णय, अपील. तक्रार करणाऱ्यानेच निर्णय देऊ नये. उत्तेजकांच्या प्रकरणांत जिल्ह्याने स्वतःची चौकशी मांडू नये. राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य प्रतिबंध अधिनियम, २०२२ खालील यंत्रणेचे निर्णय लागू राहतील, एवढेच कलम पुरे.

विसर्जनाच्या कलमात शिल्लक मालमत्ता सभासदांत वाटण्याची भाषा नसावी. कायदा ते होऊ देत नाही. ती तीन-पंचमांश मतांनी दुसऱ्या संस्थेकडे द्यावी लागते.

टप्पा ११: मंजुरी आणि दाखल करणे

मसुदा तालुका घटकांना ३० दिवस आधी मराठीत द्यावा आणि सूचना लेखी घ्याव्यात. सभेत कलमवार वाचन करावे. “मसुदा सर्वांना मान्य” असा एकगठ्ठा ठराव टाळून, जुने कलम, नवे कलम आणि कारण अशा तीन रकान्यांचा तक्ता इतिवृत्ताला जोडावा. प्रत्येक ठरावाखाली सूचक व अनुमोदकाची नावे आणि मतांची संख्या लिहावी. हजेरीपटावर सही करणारा मतदार यादीत आहे की नाही, हे सही घेतानाच पाहावे.

वार्षिक सभेनंतर १४ दिवसांच्या आत नियामक मंडळाची यादी निबंधकांकडे द्यायची असते. विश्वस्तांत किंवा नोंदीत झालेला बदल विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्जाने कळवावा लागतो. अर्जासोबत सूचनेची प्रत, टपालाच्या पावत्या, हजेरीपट, इतिवृत्त, नव्या सदस्यांची संमतिपत्रे आणि बाहेर पडणाऱ्यांचे राजीनामे किंवा मुदत संपल्याचा पुरावा लागतो. यांपैकी बहुतेक कागद सभेच्या दिवशीच तयार व्हायचे असतात, नंतर ते “बनवावे” लागतात आणि तेथेच संस्था अडकते.

दाखल केलेल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्यावा. अर्ज मंजूर झाल्यावर परिशिष्ट १ चा नवा उतारा आणि नियमावलीची प्रमाणित प्रत काढून एक संच राज्य संघटनेला, एक बँकेला आणि एकेक प्रत प्रत्येक तालुका घटकाला, पोच घेऊन, पुढील निवड चाचणीचे परिपत्रक निघण्यापूर्वी पाठवावी.